अख्ख्या गावाचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ कसा झाला

काय झालं, मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला मी छोटंसं सॉफ्टवेअर करून दिलं. सभासदाचा कोड, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) आणि मोबाईल नंबर, बास एवढंच. सकाळी दूध घातलं की मेसेज जाणार, आज इतकं लिटर, इतकी फॅट, इतके रुपये. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला सेक्रेटरी आप्पांचा फोन. "अवो सायब, ही काय भानगड केलायसा? अख्ख्या गावाचा नंबर एकच दाखवतंय. माझा बी त्योच, सरपंचाचा बी त्योच, आन् ज्या म्हाताऱ्याकडं फोनच न्हाई त्येचा तेवढा खण मोकळा हाय."

नंबर होता २१४७४८३६४७.

चूक माझीच, सांगायला लाज कसली. मोबाईल नंबरच्या कॉलमला मी 'इंट' टाइप, म्हणजे पूर्णांक ठेवायची ठरावीक मापाची पेटी, दिलेला, आणि डेटाबेसची सेटिंग जुन्या वळणाची, म्हणजे न बसणारा आकडा आला तर बोंब मारायची नाही, जेवढा मोठ्यात मोठा बसतो तेवढा टाकायचा आणि गप्प बसायचं. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ नं सुरू होतात, म्हणजे नुसता आकडा म्हणून बघितलं तर सगळेच्या सगळे सहाशे कोटींच्या वर, आणि इंटमध्ये बसतात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. मग काय, सगळं गाव एकाच चौकटीला डोकं आपटून थांबलं. (अमेरिकेत २१४ हा डॅलसचा एरिया कोड आहे, त्यामुळं तिकडं हा आकडा खरा फोन नंबर वाटून खपूनही जातो. आपल्याकडं निदान लगेच कळलं.)

कॉलम बदलायला पाच मिनिटं लागली पण खरे नंबर गेले ते गेलेच, त्यामुळं पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी संकलनाच्या खिडकीशेजारी वही घेऊन बसलेलो. तिथं आप्पांनी एक प्रश्न विचारला जो मला जाम आवडला. म्हणाले, "थांबायचंच हुतं तर दोनशे कोटीवर थांबायचं की. ह्यो असला वाकडातिकडा आकडा कुठनं काढला?"

आप्पांचं पूर्वी गुऱ्हाळ होतं, म्हणून मी वजनांवरनं सुरू केलं. समजा तुमच्याकडं १ ग्रॅम, २ ग्रॅम, ४, ८, १६ अशी वजनं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट आणि प्रत्येकातलं एकच. १ आणि २ असली की ३ ग्रॅमपर्यंतचं काहीही तोलता येतं, ४ आलं की ७ पर्यंत, ८ आलं की १५ पर्यंत. सगळी वजनं एकदम पारड्यात टाकली की जी बेरीज येते ती दर वेळी पुढच्या वजनापेक्षा बरोबर एकानं कमी. आता इंट म्हणजे ३२ खणांची पेटी, त्यातला एक खण अधिक-वजा कळायला राखून ठेवलेला, राहिली ३१ वजनं. सगळी ठेवली की होतात २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच २१४७४८३६४७. ग्रॅममध्ये धरलं तर २१४७ टन ४८३ किलो ६४७ ग्रॅम गूळ. वजन ठेवलं तर १ आणि नाही ठेवलं तर ० असं लिहीत गेलं की हा आकडा बायनरीत ओळीनं ३१ वेळा १, दुसरं काही नाही. आपल्या दशमान डोळ्यांना तो वाकडा दिसतो, मशीनच्या दृष्टीनं ९९९९ इतका सरळ आहे.

आप्पांचं समाधान झालं आणि ते फॅट बघायला गेले. पण मला जे खरं सांगायचंय ते इथनं पुढं आहे. हा आकडा मूळ संख्या आहे. १ आणि तो स्वतः सोडला तर कशानंच भाग जात नाही.

आता कुणी म्हणेल, असेल, त्यात काय, कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम तसा निवडला असेल. नाही हो. पेट्यांची मापं ८, १६, ३२, ६४ अशी ठरली त्यामागं मूळ संख्यांचा काही संबंध नाही. ८ खणांच्या पेटीचं टोक १२७, ती मूळ संख्या आहे. १६ खणांचं टोक ३२७६७, तो आकडा निघाला ७ × ३१ × १५१. ६४ खणांच्या पेटीचं टोक तर एकोणीस आकडी आहे आणि त्यालाही ७ नं सरळ भाग जातो. म्हणजे ३२ ला लॉटरी लागली. का लागली ते बघू, कारण त्यातलं अर्धं कारण शाळेच्या वहीत मावतं.

साधे आपले रोजचे आकडे घ्या. १११११, म्हणजे पाच एक, आणि ११११११, म्हणजे सहा एक. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गठ्ठे पडतात, १११ आणि १११, म्हणून ११११११ = १११ × १००१. दोन-दोनचे तीन गठ्ठेही पडतात, म्हणून ११ × १०१०१ पण होतं. गठ्ठे सारखे पडले की भाग गेलाच. बायनरीतही हेच चालतं. ३२७६७ म्हणजे १५ एक, तीन-तीनचे पाच गठ्ठे, आणि बायनरीतला १११ म्हणजे आपला ७, म्हणून ७ नं भाग गेला. ६३ एकांचंही तेच. पण ३१ एकांचे सारखे गठ्ठे पाडून दाखवा, पडत नाहीत, कारण ३१ हीच मुळात मूळ संख्या. तर पहिली अट ही, की घात मूळ संख्या पाहिजे.

इथंच पुष्कळ लोक फसले. अट पाळली म्हणजे काम झालं असं नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, घात मूळ संख्या आहे पण आकडा २३ × ८९. चारशे वर्षांपूर्वी इटलीत कातालदी म्हणून गणिती होता, त्यानं घात १७ आणि १९ चे आकडे बरोबर सिद्ध केले, १३१०७१ आणि ५२४२८७, आणि मग जोशात येऊन सांगितलं की २३, २९, ३१ आणि ३७ चे पण मूळच. चारातला फक्त ३१ चा बरोबर निघाला. २३ चा आकडा ८३८८६०७, त्याला ४७ नं भाग जातो, जरा नेट लावला असता तर सापडला असता. पुढं १६४४ साली पॅरिसच्या मर्सेन नावाच्या पाद्र्यानं २५७ पर्यंतची यादी छापली, कोणत्या घाताला मूळ संख्या मिळते त्याची, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घातले आणि ६१, ८९, १०७ विसरला. तरी नाव त्याचंच लागलं, आज जगभर ह्यांना मर्सेन प्राइम म्हणतात. चुकला तर चुकला पण यादी छापली, त्याचं हे फळ!

३१ चा निकाल कुणी लावला तर ऑयलर ह्या स्विस गणितीनं, १७७२ मध्ये, आणि त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आता विचार करा, दहा आकडी संख्या, कॅल्क्युलेटर नाही. एखाद्या संख्येला भाग जाणार असेल तर तिच्या वर्गमुळाच्या आतच एक तरी विभाजक सापडतो, म्हणजे इथं ४६३४० पर्यंत बघायचं. तेवढ्यात मूळ संख्या आहेत ४७९२. इतके भागाकार हातानं करत बसायचं म्हणजे माणूस येडा होईल. ऑयलरनं आधी डोकं लावलं की कुठले विभाजक मुळात शक्यच नाहीत.

ही युक्ती कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर समजते, खरंच. समजा एक माणूस रंकाळ्याला फेऱ्या मारतोय आणि दर ३१ पावलांनी तो परत त्याच दगडापाशी येतो (लहान रंकाळा समजा). मग कुणीतरी सांगितलं की अमुक पावलांनंतरही तो त्याच दगडापाशी होता, तर ते 'अमुक' ३१ च्या पाढ्यातलंच असणार, कारण अर्ध्या फेरीत दगड येत नाही. आता इथला फेऱ्या मारणारा म्हणजे २ चे घात, २, ४, ८, १६ असं दुप्पट दुप्पट करत जायचं आणि दर वेळी एखाद्या मूळ संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. समजा त्या मूळ संख्येनं आपल्या २१४७४८३६४७ ला भाग जातो, तर ३१ व्या पावलाला बाकी १ येते, दगड गाठला. ३१ मूळ संख्या असल्यामुळं त्याहून लहान फेरी शक्य नाही. आणि फर्मा ह्या फ्रेंच गणितीनं आधीच सांगून ठेवलेलं की ती मूळ संख्या कुठलीही असो, तिच्यापेक्षा एकानं कमी इतक्या पावलांनीही बाकी १ च येते. म्हणजे विभाजकातनं १ वजा केला की उरलेला आकडा ३१ च्या पाढ्यातला पाहिजे, आणि विभाजक विषम असल्यामुळं ६२ च्या पाढ्यातला. २०४७ वर करून बघा, तिथं घात ११ म्हणून पाढा २२ चा, आणि २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे चार वेळा २२ अधिक १. फिट बसतं की नाही?

ऑयलरनं ह्यावर अजून एक चाळण लावली, विभाजकाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च येणार. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की २४८ च्या पाढ्यात १ मिळवून येणारे नाहीतर ६३ मिळवून येणारे एवढेच आकडे उरतात, आणि ४६३४० च्या आत असे फक्त ३७२ च्या आसपास. त्यातले पण बरेच स्वतःच मूळ नसल्यामुळं गळतात. पहिला खरा उमेदवार ३११. भागून बघितलं तर बाकी ३५, गेला. पुढचा १३०३, तोही गेला. असं करत करत शेवटपर्यंत गेला बाबा तो आणि कुणीच भागलं नाही. तेव्हा माहीत असलेल्यांत ही सगळ्यात मोठी मूळ संख्या ठरली आणि पुढं कितीतरी वर्षं तो मान तिच्याकडंच राहिला.

असल्या आकड्यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्यासाठी आपल्या आजोबांच्या पिढीचा नवाचा ताळा आठवायला लागतो. ९ नं भागल्यावर बाकी किती ते बघायला भागाकार करत नाहीत, अंकांची बेरीज करतात. का चालतं तर ९ हा १० पेक्षा एकानं कमी आहे म्हणून. ९९ साठी दोन-दोन अंकांचे तुकडे करायचे, ४५६७ चे ४५ आणि ६७, बेरीज ११२, परत तुकडे १ आणि १२, बेरीज १३, झाली बाकी १३. आता २१४७४८३६४७ हा बायनरीतला तसलाच ९९, दोनाच्या घातापेक्षा एकानं कमी, म्हणून कॉम्प्युटरला ह्यानं भागून बाकी काढायची असेल तर भागाकार करावाच लागत नाही, ३१-३१ खणांचे तुकडे पाडायचे आणि मिळवायचे. ताळा चालतो.

ह्या ताळ्याच्या जोरावर मर्सेन संख्या तपासायची एक झकास पद्धत चालते, फ्रान्सच्या लुकानं १८७० च्या दशकात काढली आणि पुढं लेमरनं सुटसुटीत केली. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. परत तेच. किती वेळा, तर घातापेक्षा दोन कमी. शेवटी बाकी ० आली तर मूळ, नाहीतर नाही. घात ५ घेऊ, संख्या ३१. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. तीन पायऱ्या, ३१ मूळ. आपल्या दहा आकडी पाहुण्याला २९ पायऱ्या लागतात, फोनमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

ह्या पद्धतीची गंमत म्हणजे संख्या मूळ नसेल तर ती 'नाही' एवढंच सांगते, विभाजक कुठला ते सांगत नाही. लुकानं १८७६ मध्ये दाखवलं की मर्सेनच्या यादीतला ६७ खोटा आहे, पण भाग कशानं जातो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला कोल नावाचा प्रोफेसर सभेत उठला, एक शब्द न बोलता फळ्यावर २ चा ६७ वा घात वजा १ मांडला, शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हातानं केला, दोन्हीकडं तोच आकडा, आणि जागेवर जाऊन बसला. टाळ्या पडल्या. तीन वर्षांचे रविवार त्यात घालवले असं तो म्हणाल्याचं सांगतात. आपण रविवारी मटण आणि पांढऱ्या रश्शाच्या पुढं जात नाही.

आता २१४७४८३६४७ चे शेजारी बघा. एक नंबर पुढचा शेजारी नुसत्या दोनांचा, ३१ वेळा २. मागचा शेजारी २१४७४८३६४६, त्याला २, ३, ७, ९, ११, ३१, १५१, ३३१, कशानंही भाग जातो. दोन्हीकडं अशी मोकळीढाकळी घरं आणि मधे हा एकटा कुणाला दारात उभं न करणारा. आणि हा मागचा शेजारी कामाचा पण आहे. मंडळाच्या लकी ड्रॉसाठी कॉम्प्युटरनं 'कुठलाही' आकडा काढायचा तर तो खरंच कुठला काढतो? बरीच वर्षं एक चालू रेसिपी अशी होती, हातातल्या आकड्याला १६८०७ नं गुणायचं आणि २१४७४८३६४७ नं भागून बाकी घ्यायची, तोच पुढचा आकडा. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. भागणारी संख्या मूळ असल्यामुळं आणि गुणक नीट निवडल्यामुळं १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदाच येतो, कुणी राहत नाही, कुणी दोनदा येत नाही, आणि मगच फेरी पूर्ण होते. लहान करून बघा, ७ नं भागायचं आणि ३ नं गुणायचं, १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १, सगळे आले. ७ च्या जागी ८ घेतला तर १, ३, १, ३, असल्या भिशीत चिठ्ठी कायम दोघांनाच लागणार. (आजकाल पैशाअडक्याच्या, पासवर्डच्या कामाला ही रेसिपी वापरू नये, पुढचा आकडा कुणालाही काढता येतो.)

परफेक्ट नंबर, म्हणजे परिपूर्ण संख्या, हा प्रकारही ह्याला चिकटलेला आहे. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चंही तसंच. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागं अशी एक परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे, आणि आपल्या आकड्याची आहे २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लो नावाच्या इंग्रज गणितीनं १८११ मध्ये लिहिलं की ह्याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुतेक कधी सापडणारच नाही, कारण ती नुसती गंमतीची गोष्ट आहे, उपयोग शून्य, मग कशाला कोण शोधेल. बार्लोला माणसं कळली नाहीत असं मला वाटतं. उपयोग नाही म्हटल्यावर तर लोक जास्तच मागं लागतात.

मोठ्या संख्यांची हाव तर कुठच्या कुठं गेली. ५ घाताला ठेवला की ३१ मिळतो, ३१ घाताला ठेवला की २१४७४८३६४७, दोन्ही मूळ. मग वाटतं आता हाच आकडा घाताला ठेवू, ६४ कोटींहून जास्त अंकांची राक्षसी मूळ संख्या मिळेल. नाही मिळत. १९८३ मध्ये तिचा विभाजक सापडला, २९५२५७५२६६२६०३१, साखळी तिथं तुटली. आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या वेगळी आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट ह्या अमेरिकन माणसानं जिम्प्स ह्या जगभरच्या स्वयंसेवी प्रकल्पातनं शोधली, वेगवेगळ्या देशांतली भाड्याची जीपीयू मशिनं लावून. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आणि घराणं तेच, ओळीनं नुसते १.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही भरत आली तेव्हा मी आप्पांना सांगितलं की ह्या आकड्याची अजून एक भानगड पुढं वाढून ठेवलीय. बऱ्याच जुन्या सिस्टीम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तो हिशोब ह्याच ३१ वजनांच्या पेटीत ठेवतात. आपल्या घड्याळाप्रमाणं मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मोजणी २१४७४८३६४७ ला टेकणार. पुढच्या सेकंदाला अधिक-वजाचा राखीव खण उलटतो, आकडा एकदम उणे होतो आणि तारीख जाते डिसेंबर १९०१ मध्ये.

आप्पांनी जरा हिशोब केला. पावणेनऊ म्हणजे सकाळचं संकलन उरकत आलेलं असतं, शेवटचे चार-दोन सभासद रांगेत. म्हणाले, "म्हंजे त्यांच्या पावतीवर १९०१ पडणार?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअर तेच जुनं राहिलं तर पडेल की.

"तवा गादीवर शाहू महाराज व्हते," आप्पा म्हणाले, "दर बी त्या वक्ताचाच लावणार काय?"